फ्रीबीएसडीवर आठ महिने: अपडेट करताना आधी यादी वाचा

फेब्रुवारीत जुन्या लॅपटॉपवर फ्रीबीएसडी (लिनक्ससारखी एक मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) 14.2 टाकलं, पुढे 14.3 वर नेलं आणि रोजचं काम आता त्यावरच चालतं. इन्स्टॉल कसं करायचं यावर पुष्कळ लिहिलेलं सापडतं, म्हणून इथे फक्त अपडेटबद्दल.

लिनक्सवरून आलेला माणूस आधी गोंधळतो, कारण इथे दोन चुली आहेत. कर्नल (सिस्टीमचा गाभा) आणि मूळ सिस्टीम 'फ्रीबीएसडी-अपडेट' या कमांडकडे. फायरफॉक्स, केडीई डेस्कटॉप, पायथन वगैरे पॅकेजं 'पीकेजी'कडे. कशाला ही डबल कटकट, असं मलाही वाटलं होतं. पण डेस्कटॉपचा बोऱ्या वाजला तरी खालची सिस्टीम जागची हलत नाही.

आणि बोऱ्या वाजलाच. पीकेजीची रेपो, म्हणजे पॅकेजं जिथून उतरतात ते भांडार, तिमाही असते. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरला नवी शाखा (पॅकेजांचा नवा संच) निघते. मधल्या काळात मुख्यतः सुरक्षेच्या दुरुस्त्या, मग एकदम लोंढा. एप्रिलमध्ये बदलांची यादी तीन स्क्रीन भरून आली. गॅसवर चहा उतू जात होता, मी 'वाय' (हो) दाबून मोकळा झालो. काढून टाकायच्या पॅकेजांची नावं यादीत सगळ्यात वर असतात, म्हणजे स्क्रीनवरून केव्हाच वर सरकून गेलेली. त्यांत माझा अख्खा केडीईचा प्लाझ्मा डेस्कटॉप होता! एखादं पॅकेज नव्या शाखेसाठी बिल्ड (तयार) झालं नसेल तर ते रेपोत नसतं, आणि ते ज्यांवर चालतं त्या लायब्ररी नव्या आवृत्तीवर गेल्या की पीकेजी त्यालाच काढायला निघतं. विचारून काढतं, हे खरं. प्रश्नापुढे 'एन' (नाही) मोठ्या लिपीत असतो तो उगाच नाही.

डिस्कवर झेडएफएस ही फाइल सिस्टीम असेल तर फ्रीबीएसडी-अपडेट स्वतःच आधी बूट एन्व्हायर्नमेंट (सिस्टीमची आहे तशी प्रत, जिच्यावर परत जाता येतं) करून ठेवतं, पीकेजी नाही. आता मी पीकेजी चालवण्याआधी 'बीईसीटीएल क्रिएट' या कमांडने तशी प्रत स्वतः करतो, दोन सेकंदांचं काम. जुलैत बिघडलं तेव्हा बूट मेन्यूतून जुनं निवडलं आणि पाच मिनिटांत कामाला लागलो.

'पीकेजी ऑडिट -एफ' मात्र मला फार आवडलं. कुठल्या पॅकेजमध्ये सुरक्षेची भोकं आहेत ते सरळ सांगतं. आवृत्ती बदलताना कॉन्फिग फायली जुळल्या नाहीत तर व्हीआय हा जुना टेक्स्ट एडिटर उघडतं, तिथे नवख्याला घाम फुटेल.

ऑक्टोबरची शाखा आली आहे. काढायच्या यादीत लिब्रेऑफिस दिसतंय. 'एन' दाबलंय, पुढच्या आठवड्यात परत बघतो.