केनियातल्या झाडांचं कार्बन क्रेडिट: टिस्ट घेऊन बघितलं, 5 पैकी साडेतीन

नैरोबीला ताईकडे जाऊन आले आणि त्या विमानप्रवासाच्या धुराची भरपाई म्हणून केनियातल्याच शेतकऱ्यांनी लावलेल्या झाडांचं क्रेडिट विकत घेतलं (एक क्रेडिट म्हणजे झाडांनी हवेतून ओढलेल्या एका टन कार्बन डायऑक्साइडची पावती), त्याचा हा रिव्ह्यू. हॉटेलचे नि मिक्सरचे रिव्ह्यू मराठीत ढिगाने मिळतात पण यावर कोणी काही लिहीत नाही, आणि पैसे तर आता बरेच लोक भरायला लागलेत.

आधी हिशोब. मुंबई ते नैरोबी साडेचार हजार किलोमीटरच्या आसपास, जाऊन येऊन नऊ हजार, इकॉनॉमीत माणशी साधारण एक टन कार्बन डायऑक्साइड पकडा, कॅल्क्युलेटर बदलला की आकडा थोडा इकडेतिकडे होतो. त्या एका टनात कार्बन 273 किलो, बाकीचा ऑक्सिजन. सुकं लाकूड वजनाने साधारण निम्मं कार्बन असतं, म्हणजे माझ्या एका ट्रिपपायी मुळं धरून साडेपाचशे किलो सुकं लाकूड कुठेतरी नव्याने तयार व्हायला हवं आणि पुढची कित्येक वर्षं ते जळता कामा नये की कुजता कामा नये. हे कळल्यावर तिकीट बुक करताना शेवटी येणारी ती 'झाडं लावा' वाली चौकट, जी किरकोळ पैसे घेते आणि कुठलं झाड, कुठला देश काहीच सांगत नाही, तिच्यावर टिक करायची इच्छाच होईना. म्हणून स्वतः शोधलं आणि टिस्टवर येऊन थांबले.

टिस्ट म्हणजे द इंटरनॅशनल स्मॉल ग्रुप अँड ट्री प्लँटिंग प्रोग्रॅम. 1999 मध्ये टांझानियातल्या म्पवापवा भागात सुरू झालं, नंतर युगांडा, केनिया आणि आपल्याकडे तमिळनाडूतही. सहा ते बारा शेतकऱ्यांचा एक गट, गटाचा प्रमुख आलटून पालटून बदलतो म्हणजे एकच माणूस पाटीलकी गाजवत बसत नाही, आणि झाडं लावायची ती स्वतःच्याच जमिनीवर, बांधावर, ओढ्याकाठी, चहा-कॉफीच्या मधे. जमीनही शेतकऱ्याची, झाडही शेतकऱ्याचं, टिस्ट चालवणाऱ्या कंपनीकडे जातो तो फक्त कार्बनचा हक्क. ताईकडून आम्ही माउंट केनिया बघायला नान्युकीकडे गेलो तेव्हा वाटेत सगळीकडे शेतांच्या कडेने सिल्व्हर ओकच्या रांगा दिसल्या, हे मूळचं ऑस्ट्रेलियातलं झाड तिथे अगदी घरचं होऊन गेलंय, फांद्या छाटून जळण होतं, खोड सरळ म्हणून लाकूड विकलं जातं. त्या रांगांतली टिस्टची कुठली नि बिगर टिस्टची कुठली हे बघून अजिबात कळत नाही, आणि हाच पुढे मुद्दा झाला, सांगते.

मला सगळ्यात आवडलं ते मोजमाप. प्रशिक्षण दिलेला माणूस शेतावर येतो, जीपीएस घेऊन झाडांच्या पट्ट्याभोवती चालतो, जिवंत झाडं मोजतो, खोडाचा घेर घेतो, आणि हे एकदाच नाही तर पुन्हा पुन्हा येऊन. पैसे जिवंत झाडावर. आपल्याकडे 2019 मध्ये 33 कोटी वृक्ष लागवडीचा केवढा गाजावाजा झाला, खड्ड्यासोबत फोटो सगळ्यांचे आहेत, आज त्यातलं आपण लावलेलं झाड कुठे आहे ते दाखव म्हटलं तर किती जण दाखवतील? इथे रोप लावल्याचं कौतुक नाही, जगल्याचं आहे, आणि असं जगलेलं झाड चारही देश मिळून दोन कोटींच्या वर आहे. शिवाय क्रेडिट नंतर निघतं: आधी झाड वाढणार, मग मोजणार, मग तिसरी संस्था तपासणार, मग वेरा या क्रेडिटांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या रजिस्ट्रीवर टनाला एक नंबर पडणार. दहा वर्षांआत नैसर्गिक जंगल तोडून मोकळ्या केलेल्या जमिनीवर झाडं लावली तर ती चालत नाहीत, हाही नियम चांगला आहे, नाहीतर लोक आधी तोडतील मग लावतील.

आता पैशांचं, इथे मात्र जरा हिरमोड होतो. शेतकऱ्याला आगाऊ म्हणून जिवंत झाडामागे वर्षाला 2 सेंट, हा त्यांचा जुना दर, आपले पावणेदोन रुपये धरा. 500 झाडं जगवली तर वर्षाला 10 डॉलर. पैसे मोबाइलवर एम-पेसाने येतात, मधे दलाल नाही, ते ठीक, पण 10 डॉलरमध्ये कोणाचं घर चालणार? वर कार्बन विकून जो नफा होईल त्यातले 70 टक्के शेतकऱ्यांना असा करार आहे, ऐकायला भारी, पण नफा म्हणजे मोजणी, तपासणी, ऑफिस असे सगळे खर्च वजा जाता उरलेलं, आणि ज्यांना साखर कारखान्याचा हिशोब माहितीये त्यांना 'खर्च वजा जाता' म्हणजे काय ते मी सांगायला नको. खरी कमाई फळं, जळण, लाकूड, गुरांचा पाला यातून होते. मॅकाडेमिया (बदामासारखा एक सुकामेवा) आणि अवोकाडोला तर तिथे चांगला बाजार आहे.

यावर ताई म्हणाली, "अगं मग तो शेतकरी मॅकाडेमिया असंही लावणारच होता ना, तुझ्या पैशाने नक्की काय झालं?" बरोब्बर बोट ठेवलं. या धंद्यात सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे, तुमचे पैसे नसते तर ते झाड उभं राहिलं असतं का. माझं मत असं झालंय की टिस्ट शेतकऱ्यासाठी ज्या कारणाने चांगलं आहे त्याच कारणाने कार्बनच्या हिशोबाला कच्चं आहे. झाड त्याच्या फायद्याचं म्हणून तो जपतो, पण फायद्याचं आहे तर तो पैशाशिवायही लावेल, आणि झाड त्याच्या मालकीचं म्हणून पोराची फी भरायची वेळ आली की तो ते तोडेल, आणि का तोडू नये? त्यासाठी काही क्रेडिटं न विकता वेराच्या सामायिक गंगाजळीत ठेवतात, तूट आली तर तिथून भरतात. सोय बरी आहे, पण माझा धूर हवेत शतकानुशतकं राहणार आणि करार काही दशकांचे, हे गणित गंगाजळीने सुटत नाही. शिवाय निलगिरीही बरीच लावतात, लवकर वाढते म्हणून. आपल्या सामाजिक वनीकरणाच्या काळातली निलगिरी नि सुबाभूळ ज्यांना आठवतेय ते कपाळाला आठ्या घालतील, मीही घातल्या, पण ओढ्याकाठी देशी झाडंच लावा असा यांचा आग्रह आहे एवढं श्रेय देते.

घेण्याआधी युगांडाचं ट्रीज फॉर ग्लोबल बेनिफिट्सही बघितलेलं. इकोट्रस्ट ही तिथलीच संस्था 2003 पासून चालवते, प्लॅन व्हिवो या अशा प्रकल्पांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या नियमांनी, विक्रीतला किमान 60 टक्के वाटा शेतकऱ्यांकडे जायला हवा म्हणजे नफ्याची भानगड नाही, हे टिस्टपेक्षा सरळ आहे. हप्ते पहिल्या दहा वर्षांत पाच वेळा. पण तिथे क्रेडिट आधी विकतात आणि झाड नंतर वाढतं, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! हप्ते दहा वर्षांत संपतात, करार मात्र 25 वर्षांचा, मधली पंधरा वर्षं त्या शेतकऱ्याने कशाच्या जोरावर झाड राखायचं? स्वीडनच्या लुंड युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी 2017 मध्ये याच प्रकल्पावर बरंच टीकेचं लिहिलंय, जमीन थोडी असलेल्यांची खायच्या पिकाची जागा झाडांनी घेतली की अडचण होते. ते वाचलं आणि नको म्हटलं. आधी त्यांचं शेत भाताचं-केळीचं राहू दे, माझ्या विमानासाठी कोणाचं ताट नको.

खरं सांगू का, मनापासून आवडलं ते तिसरंच, इथिओपियातलं हुंबो, पण ते माझ्यासारख्या किरकोळ गिऱ्हाइकाला घेता येईल असं सापडलं नाही. तिथे 2,728 हेक्टर उजाड डोंगरावर रोपं फार लावलीच नाहीत, तोडलेल्या झाडांचे जमिनीत जिवंत राहिलेले बुंधे होते त्यांना फुटवे येऊ दिले, त्यातले चांगले ठेवले, बाकी छाटले आणि गुरं बाहेर ठेवली. वर्ल्ड व्हिजन ही समाजसेवी संस्था आणि गावच्या सात सहकारी संस्था, त्यांना वापराचे हक्क मिळाले, क्योटो हवामान करारातल्या योजनेत 2009 मध्ये नोंद झाली आणि वर्ल्ड बँकेच्या फंडाने 1,65,000 टन विकत घेतले. चराईबंदी नि कुऱ्हाडबंदी म्हणजे काय हे हिवरे बाजार माहिती असलेल्या माणसाला कोणी समजावून सांगायची गरज नाही. जमीन सामाईक असल्याने एकट्याला मनात आलं म्हणून तोडता येत नाही, मला तरी हे जास्त भरवशाचं वाटतं.

खरेदीचा अनुभव विचाराल तर मी एका रिसेलर साइटवरून घेतलं, नाव घेत नाही. पैसे लगेच कापले, सर्टिफिकेटही लगेच आलं, त्यावर सूर्यास्त, हत्ती आणि माझं नाव, पण रजिस्ट्रीचा नंबर कुठेच नाही! मेल टाकला तर "आपल्या हरित प्रवासाबद्दल आभार" असं उत्तर. पुन्हा टाकला, जरा कडक भाषेत, मग कुठे नंबर आला आणि वेराच्या साइटवर टाकून बघितला तर क्रेडिट रद्द, म्हणजे वापरून संपलेलं, म्हणून नोंदलेलं सापडलं. ही नोंद महत्त्वाची, कारण रद्द नसेल तर तोच टन उद्या दुसऱ्याला विकता येतो.

साडेतीनातला अर्धा स्टार मोजणीचा, जास्तच द्यायला हवा होता खरं तर, आणि दीड कापला तो 2 सेंटसाठी आणि ताईच्या प्रश्नासाठी. 'माझं विमान आता शून्य झालं' असं स्टेटस टाकायला कोणी घेणार असेल तर घेऊ नका. माउंट केनियाजवळच्या मेरूकडच्या कोणा शेतकऱ्याच्या बांधाला हातभार म्हणून घेणार असाल तर खुशाल घ्या, ज्याने त्याने ठरवावं. घेताना प्रकल्पाचं नाव, क्रेडिट कुठल्या वर्षाच्या वाढीचं आहे ते आणि रद्द केल्याचा नंबर, एवढं पैसे भरायच्या आधी मेलवर लिहून मागा, आणि टाळाटाळ केली तर दुसरा विक्रेता बघा, टिस्टची क्रेडिटं एकाच ठिकाणी मिळतात असं काही नाही.