मेन्यू बोर्ड: अंतर सोडावं की रंग द्यावा?

ठाण्याच्या नौपाड्यात पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या ताई नव्या बोर्डावर अडल्यात. पदार्थांचे गट मोकळ्या जागेने पाडायचे की रंगाने?

दोन्हींमागची गोष्ट जुनी आहे. मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्टहायमरने १९२३ मध्ये मांडलं: जवळजवळ असलेलं आणि एकसारखं दिसणारं मन आपोआप एकत्र बांधतं.

खर्चात फार फरक नाही. फ्लेक्सला रंगाचे वेगळे पैसे पडत नाहीत. अंतर मात्र जागा खातं, अक्षरं बारीक होतात.

टिकण्यात अंतर सरस. उन्हाने रंग उडतो, शिवाय काहींना लाल-हिरव्यातला फरकच दिसत नाही.

खरी मेख वाचण्यात. ताईंच्या जुन्या बोर्डावर ‘थालीपीठ’ डावीकडे आणि ‘४०’ पार उजव्या कडेला. ओळी खेटून, त्यामुळे आकड्यांचा वेगळाच खांब दिसतो आणि स्टेशनवरून आलेलं गिऱ्हाईक विचारतं, “थालीपीठ केवढ्याला?” इथे रंग कामाचा नाही, किंमत नावाजवळ सरकवा.

पण उपवासाचे पदार्थ नाश्त्यात, गोडात, भाज्यांत विखुरलेले असतात. ते अंतराने कसे जुळणार? तिथे रंगच हवा.

रोज खडूने लिहायचा छोटा फळा असेल तर अंतर. पदार्थ चाळीसेक असतील तर गटांना अंतर, आणि रंग फक्त उपवासाला.