स्काउटिंग कसं करायचं: कागद, मोबाइल की पिटमध्ये जाऊन चौकशी?

सांगली-मिरजेतली एखादी शाळा फर्स्ट टेक चॅलेंज या शालेय रोबोट स्पर्धेत उतरते, तेव्हा सगळा जीव रोबोटमध्ये अडकलेला असतो. इतर टीमचे रोबोट बघून नोंदी ठेवायचं काम, म्हणजे स्काउटिंग, कोण करणार, हे ठरतं निघायच्या आदल्या रात्री. कुस्ती बघत वाढलेल्यांना समोरच्याचे डाव आधी हेरून ठेवायला कुणी शिकवायला नको. पण इथं दोन टीम विरुद्ध दोन टीम असा सामना असतो, आणि सकाळी जी विरुद्ध खेळली तीच पुढं आपली जोडीदार होऊ शकते. म्हणून स्काउटिंग करायचं ते मुख्यतः जोडीदार निवडण्यासाठी.

सगळ्यात सोपी वाटते ती पिटमधली, म्हणजे टीम आपला रोबोट सांभाळत बसतात त्या जागेतली चौकशी. टेबलापाशी जायचं, रोबोट काय काय करतो ते विचारायचं, फोटो काढायचा. अडचण अशी, की प्रत्येक टीम आपल्या रोबोटचा सगळ्यात चांगला दिवस सांगते. त्यात आपली मुलं बुजली, तर दोन वाक्यांत परत. तरीही एक गोष्ट पिटमध्येच नीट कळते: ऑटोनॉमसमध्ये, म्हणजे रोबोट चालकाशिवाय आपल्या प्रोग्रामवर चालतो तेव्हा, तुमचा रोबोट दुसऱ्या जागेवरून सुरू करता येतो का? सामन्याच्या त्या पहिल्या तीस सेकंदांत दोघांचे मार्ग आडवे आले, तर दोन चांगले रोबोट एकमेकांनाच धडकतात. तेवढं विचारा, बाकीच्या गप्पा मैत्रीखात्यात.

मोबाइलवर दोन सोयी आहेत. एक, सगळ्यांनी मिळून भरायची गूगल शीट. ती घरी झकास चालते. स्पर्धेच्या हॉलमध्ये मात्र टीमना स्वतःचा हॉटस्पॉट लावायला मनाई असते, आणि गर्दीत मोबाइलच्या नेटवर्कचा भरवसा नाही. दुसरी सोय ओपीआर, म्हणजे अलायन्सच्या (एकत्र खेळणाऱ्या दोन टीमच्या जोडीच्या) गुणांवरून गणितानं काढलेला प्रत्येक टीमचा अंदाजे वाटा. एफटीसी स्काउटसारख्या साइटवर तो आयता मिळतो, त्यामुळे मोह होतो. पण हिशोब करून बघा. २४ टीम, प्रत्येकीचे ५ सामने, म्हणजे एकूण ३० सामने आणि अलायन्सचे ६० स्कोअर. एवढ्यावरून २४ जणांचा वाटा काढायचा! एका सामन्यात जोडीदाराचा रोबोट बंद पडला, तरी चांगल्या टीमचा आकडा घसरतो. रोबोट का थांबला, बॅटरी सुटली की कनेक्शन तुटलं, हे तर तो आकडा कधीच सांगत नाही.

म्हणून माझं मत कागदाच्या बाजूनं. जुनाट वाटेल, पण टीममध्ये सात-आठच मुलं असतील तर दुसरं काही झेपत नाही. चालक, कोच आणि पिट सांभाळणारे वगळले की उरतात दोघं-तिघं. एकानं लाल अलायन्स बघायची, दुसऱ्यानं निळी. आपलाच सामना असेल तेव्हाही यांनी गॅलरीतून हलायचं नाही, टाळ्या नंतर. रकाने पाचच ठेवा: टीम नंबर, ऑटोनॉमसमध्ये काय केलं, पुढच्या दोन मिनिटांत किती फेऱ्या मारल्या, शेवटचं काम जमलं का, मध्येच थांबला का. पाचवा रकाना मला सगळ्यात मोलाचा वाटतो. वीस रकान्यांचा फॉर्म केला, तर मुलं कागदात डोकं घालून बसतात आणि सामना निघून जातो.

खेळ दर सप्टेंबरला बदलतो, त्यामुळे गेल्या वर्षीचा फॉर्म चालत नाही. नवा केला की यूट्यूबवर त्याच मोसमातले सामने लावून शाळेतच भरून बघा. दोघांच्या नोंदी जुळत नसतील, तर मुलांवर ओरडण्याआधी रकाना सोपा करा.

टीम मोठी असेल आणि एखाद्याला कोडिंगची हौस असेल, तर क्यूआर कोडवरून माहिती गोळा करणारं ऑफलाइन ॲप जरूर करावं. ओपीआर तेव्हाही बघावा, पण आपली यादी झाल्यावर, ताळा म्हणून. आकडा आणि कागद जुळले नाहीत, की त्या टीमचा पुढचा सामना डोळ्यांत तेल घालून बघायचा.

अंतिम फेरीसाठी जोडीदार निवडायच्या वेळी मैदानात जाणाऱ्या मुलाच्या हातात पसंतीच्या क्रमानं लिहिलेली यादी हवी. एक नियम त्याला आधीच समजावा: ज्या टीमनं आमंत्रण नाकारलं, तिला नंतर दुसरं कुणी निवडू शकत नाही. स्वतः जोडीदार निवडणारा कर्णधार होण्याइतका वरचा क्रमांक नसेल, तर नाही म्हणण्याआधी शंभरदा विचार करावा लागतो.