बाल्सा ट्रेनर किट: सात महिने झाले, चाकं पुन्हा हातात

बाल्साच्या, म्हणजे अगदी हलक्या लाकडाच्या किटमधून बांधलेल्या माझ्या रिमोटवरच्या शिकाऊ विमानाची चाकं काल तिसऱ्यांदा उखडली. लँडिंग काही वाईट नव्हतं. गवतात जरा आपटलं, विमान दोन हात घसरून थांबलं. उचलायला गेलो तर विमान एका हातात आणि चाकांची तार, तिला धरून असलेल्या प्लायच्या तुकड्यासकट, दुसऱ्या हातात. म्हणून आज लिहायला बसलोय, नाहीतर आळसात राहूनच गेलं असतं.

किट नेहमीचंच. पंख वर, रबरबँडने बांधायचा, लेसरने कापलेल्या रिब (पंखाच्या आतल्या फासळ्या), तीन सेलची बॅटरी. निवडताना माझा निकष एकच होता, स्वस्त. तयार विमानापेक्षा बरंच कमी पडेल असं वाटलं होतं, नाही पडलं. डब्यात लाकूड, तारा आणि प्लॅन. मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), सर्व्हो (शेपटीची पाती हलवणाऱ्या छोट्या मोटरी), फिल्म (इस्त्रीने चिकटवायचं प्लास्टिकचं आवरण), तीन तऱ्हेचे गोंद सगळं आपलं आपण. इस्त्री जास्त तापवून फिल्मचा अर्धा रोल मी वाया घालवला, तो तर हिशेबात धरलेलाच नाही.

डबा उघडल्यावर आधी सगळ्या पट्ट्या वजनकाट्यावर ठेवा. बाल्साची घनता इतकी बदलते की 3 मिमी जाडीची, 75 मिमी रुंद, 900 मिमी लांब पट्टी 20 ग्रॅमची निघते तशी 40 चीही निघते. जड माल पंखाच्या मधल्या भागात खपवा, हलका शेपटीसाठी राखा. मी हे केलं नाही. शेपूट जड झाली आणि विमानाचा तोलबिंदू पंखाच्या रुंदीच्या पुढून चौथाई ते तिसऱ्या हिश्शात आणायला नाकात शिसं भरावं लागलं. शेपटीतला एक ग्रॅम नाकात दोन-तीन ग्रॅम मागतो. याबद्दल आधी किटलाच शिव्या घातल्या. नंतर कळलं, शेपटीवर ओतलेलं इपॉक्सीही (दोन भाग मिसळून लावायचा पक्का गोंद) थोडंथोडकं नव्हतं.

आता त्या चाकांकडे. किटमध्ये चाकांची तार धरणारी 3 मिमी प्लायची एक चौकट येते, ती धडाच्या दोन बाजूंना नुसत्या कडांवर चिकटवायची. चाकांना मागे धक्का बसला की तार तरफेसारखी काम करते आणि चौकटीची पुढची कड खाली ओढते. पहिल्यांदा निघाली तो दोष माझा. इपॉक्सीची नवी बाटली फोडायची जिवावर आली, म्हणून झटपट गोंदावर भागवलं होतं. दुसऱ्यांदा इपॉक्सी लावलं, पण जुना गोंद न खरवडता, तोही माझाच. तिसऱ्यांदा मात्र लाकूड स्वच्छ, इपॉक्सी ताजं, रात्रभर वाळवलेलं. गोंद जागचा हलला नाही, बाल्साचाच पापुद्रा सुटून आला! कोपऱ्यात दोन तिकोनी पट्ट्या आणि आतून प्लायचा आधार दिला असता तर हे टळलं असतं. तेवढं लाकूड डब्यात घालायला काय जड होतं? विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘लँडिंग हळू करा.’ शिकाऊ माणसाच्या किटसाठी हा सल्ला!

उडायला मात्र गुणी आहे. पंखांची टोकं वर उचललेली असल्याने रडर (शेपटीचं उभं सुकाणू) दिला की आपोआप कलतं, रिमोटची काठी सोडली की सरळ होऊ बघतं. माझा पंख थोडा पिळलेला होता, कारण ज्या फळीवर बांधला तीच वाकडी. पंख उलटा पिळून धरला, फिल्मवर पुन्हा इस्त्री फिरवली आणि थंड होऊ दिला. बसला सरळ.

रबरबँड बघून सुरुवातीला हसू आलं होतं. पंखासारखी गोष्ट रबराने बांधायची म्हणजे खेळणंच की. मग एकदा झाडाला घासलं, बँड तटातट सुटले, पंख बाजूला जाऊन पडला आणि एकही रिब मोडली नाही. बोल्टने घट्ट आवळलेला असता तर मधून दुभंगलाच असता.

काल रात्री जमिनीवर बसून तोच विचार करत होतो. चौकट आता पक्की चिकटवणारच नाही. धडातून आडव्या दोन गोल काड्या घातल्यात, पोटाखाली प्लायची पट्टी लावलीय, चाकांची तार रबरबँडनेच बांधणार. आपटली तर सुटेल. पट्टीचं इपॉक्सी वाळतंय, वर जुनी बॅटरी वजन म्हणून ठेवलीय.