समन्वय सेवेचे नऊ महिने: माणसं चोख, पण यादीवर तारीख घाला!

बाबांनी गेल्या आठवड्यात सलग पाच दिवस लघवीची गोळी दुप्पट घेतली. चूक त्यांची नाही. घरात औषधांच्या दोन याद्या होत्या, दोन्ही बाबांच्या उपचारांचा मेळ घालणाऱ्या समन्वय सेवेच्याच, दिसायला सारख्या. जुनीत फुरोसेमाइड (हीच ती लघवीची गोळी) सकाळी आणि दुपारी, नवीत फक्त सकाळी. तारीख एकीवरही नाही. फ्रिजवर जुनी वर राहिली आणि नवी तिच्याखाली. (लावल्या मीच होत्या, तेही आलंच.)

सेवा कशी चालते ते बहुतेकांना ठाऊक असेल: घरचे डॉक्टर, रुग्णालय, औषधाचं दुकान, घरी येणारी नर्स, फिजिओ, सोबतीला येणारे स्वयंसेवक, आणि या सगळ्यांना धरून ठेवणारी एक ताई. बाबांना मधुमेह आहे, हृदय कमजोर आहे, मूत्रपिंडं अर्धवट चालतात, त्यात गुडघे. अकरा औषधं.

पहिले दोन महिने माझं मत वाईट होतं. ताई फोन करायची, "कसे आहेत बाबा?" विचारायची आणि लिहून घ्यायची. याला सेवा म्हणायचं तर आमची आत्याही सेवाच देते. बंद करायच्या बेतात होतो.

मग गुडघ्यांचं प्रकरण झालं. हाडांच्या डॉक्टरांनी आयबुप्रोफेन हे वेदनाशामक लिहून दिलं. रक्तदाबासाठी रामिप्रिल आणि लघवीची गोळी आधीपासून चालू होतीच. ही तीन एकत्र आली की मूत्रपिंडावर तिहेरी मार बसतो. तिन्ही डॉक्टर आपापल्या खोलीत बरोबर होते. चूक होती ती त्या खोल्यांच्या मधल्या जागेत. फार्मासिस्टने चिठ्ठी थांबवली, ताईला कळवलं, आणि तासाभरात घरच्या डॉक्टरांनी दुसरं औषध सुचवलं. आम्हाला काही करावं लागलं नाही. त्या दिवशी सेवा बंद करायचा विचार गुंडाळला.

दुसरा फायदा माझ्या स्वभावाला धरून. एचबीएवनसी तीन आठवड्यांत दोनदा झाली होती, कारण एकाचा अहवाल दुसऱ्याकडे जात नव्हता. ही चाचणी साधारण दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते, तीन आठवड्यांत ती नवं काय सांगणार? तिसऱ्यांदा लिहिली तेव्हा ताईने जुना अहवाल पुढे केला. सुई वाचली, पैसेही वाचले. मला पैशांचा आनंद जास्त झाला, खोटं कशाला बोलू.

मात्र "रुग्णालयाच्या वाऱ्या कमी होतील" या आशेवर घेऊ नका. अमेरिकेतल्या कॅमडेनमध्ये अशाच गुंतागुंतीच्या ८०० रुग्णांवर चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून तुलना झाली, निकाल २०२० साली आले. सेवा मिळालेल्यांपैकी ६२.३ टक्के १८० दिवसांत पुन्हा भरती झाले, न मिळालेल्यांपैकी ६१.७ टक्के. म्हणजे फरक नाहीच. बाबाही या नऊ महिन्यांत दोनदा भरती झाले. कमी झालं ते माझं फाईल काखेत मारून फिरणं.

आता पुन्हा तारखेकडे. तीन फोन केले. उत्तर एकच: "सिस्टिममध्ये तारीख असते." असेल! छापताना वरची ओळ कापली जाते, आणि बाबा सिस्टिम बघून गोळ्या घेत नाहीत, कागद बघून घेतात. एवढ्या लोकांना एका माळेत ओवणाऱ्यांना कागदाचा समास सरकवता येत नाही?

न्यायाने हेही सांगतो की घोळ पकडला त्यांच्याच फिजिओने. बाबा उठताना भिंत धरायला लागले, हे तिने ताईला कळवलं. त्याच दिवशी नर्स आली. पाच दिवसांत वजन दोन किलोंनी घटलेलं, उभं केल्यावर रक्तदाब खाली, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम मंदावलं की रक्तात वाढतं ते) वर. गोळीचा डोस दुरुस्त झाला, आता बाबा ठीक आहेत. त्यामुळे पाचपैकी साडेतीन. उरलेला दीड तारखेचा.

काल ताई नवी यादी घेऊन आली. वरची ओळ पुन्हा कापलेली. बाबांनी काही न बोलता तिच्यापुढे लाल पेन धरलं. तिने तारीख घातली. बाबांनी खाली वारही लिहून घेतला, आणि जुन्या दोन्ही याद्या तिच्यासमोरच फाडल्या.