जुन्या पेंटियम थ्रीवर फ्रीडॉस, आठ महिन्यांनंतर: आधी घड्याळाचा सेल बघा

चौथ्या महिन्यात एका सकाळी काळ्या पडद्यावर ‘सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड’ असं आलं आणि एफ1 दाबल्यावर डिस्कच सापडेना. दुरुस्तीवाल्याने पेटी न उघडताच बोर्ड गेल्याचं सांगितलं. बोर्डाला काहीही झालेलं नव्हतं. बोर्डावरचा नाण्याएवढा सीआर2032 सेल मल्टिमीटरवर 2.4 व्होल्ट दाखवत होता. चांगला नवा सेल 3 च्या वर दाखवतो. वेग, मेमरी, प्रोग्राम यांपैकी कशाचाच त्रास नाही, जो झाला तो या सेलमुळे. म्हणून अनुभव फ्रीडॉस 1.3 चा, म्हणजे जुन्या डॉससारख्या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमचा, असला तरी अर्धी जागा सेललाच द्यावी लागते.

डिस्क न सापडण्याचं कारण साधं आहे. डिस्कचे सेक्टर कोणत्या पद्धतीने मोजायचे, नॉर्मल, लार्ज की एलबीए, हे बायोस, म्हणजे मशीन सुरू होताच चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम, सीमॉस नावाच्या छोट्या मेमरीत सेलच्या जोरावर लक्षात ठेवतो. सेल संपला की सेटिंग मूळपदावर जातं, मोजपट्टी बदलते आणि धडधाकट पार्टिशन बायोसला चुकीच्या जागी दिसतं. अशा वेळी एफडिस्क किंवा फॉरमॅटला हात लावू नका. नेमक्या याच घाईत लोक आपला डेटा स्वतःच्या हाताने पुसतात. सेल बदला, डेल कळ दाबून बायोसमध्ये जा, डिस्कचं सेटिंग पूर्वी होतं तेच ठेवा, एफ10 ने सेव्ह करा. सगळ्या फाइली जागच्या जागी मिळतात. बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर आजच फोटो काढून ठेवा.

सुरुवातीला घातलेला सेल चार महिन्यांत का संपला, हे शोधणं गरजेचं होतं. या सेलची क्षमता साधारण 220 मिलीअँप-तास असते. घड्याळाने 5 मायक्रोअँप खाल्ले तरी 44,000 तास, म्हणजे पाच वर्षं जायला हवीत. एटीएक्स पॉवर सप्लायला वीज चालू असेल तर घड्याळ स्टँडबायच्या 5 व्होल्टवर चालतं आणि सेल वापरला जात नाही. आपल्याकडे काम झालं की भिंतीवरचं बटण बंद करायची सवय, त्यामुळे सगळा भार सेलवर. तरीही चार महिने फारच कमी. तपासायची रीत अशी: भिंतीवरचं बटण बंद, सेल आणि त्याची पट्टी यांच्यामध्ये कागदाचा कपटा सरकवा, मल्टिमीटर मायक्रोअँपवर ठेवून एक टोक सेलला आणि दुसरं पट्टीला लावा. दहाच्या आत आकडा आला तर बोर्ड निर्दोष. पन्नास-शंभर आला तर धूळ, ओल किंवा खराब कपॅसिटर वीज खातोय. इथे 4 आले. म्हणजे सेलच शिळा होता, बरणीतून सुटा दिलेला. पाकीटबंद घ्या, पाच-दहा रुपये वाचवून चार महिन्यांनी पुन्हा पेटी उघडण्यात काय हशील?

तुमचं मशीन 386 किंवा 486 च्या काळातलं असेल तर बोर्डावर पिंपासारखी, सोल्डर केलेली निकेल-कॅडमियम बॅटरी असू शकते. ती गळते आणि तांब्याच्या रेषा खाते. हिरवट पावडर दिसली की बॅटरी कापून काढा आणि ती जागा व्हिनेगरने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने.

डिस्क न सापडणं निदान दिसतं तरी. तारखेचं नुकसान दिसतच नाही. फॅटमधली, म्हणजे डॉस डिस्कवर फाइलींची नोंद ठेवतो त्या पद्धतीतली, तारीख 1980 पासून सुरू होते आणि 2107 ला संपते, कारण तिच्यात वर्षाला सातच बिट दिलेत. सेल मेल्यावर घड्याळ मागे गेलं की आज बदललेली फाइल बॅकअपमधल्या जुन्या प्रतीपेक्षाही जुनी ठरते. बॅकअप एक्सकॉपी या कमांडच्या /डी ने, म्हणजे तारखेने नव्या ठरलेल्या फाइलीच कॉपी करून, घेत असाल तर ती ही फाइल गुपचूप वगळते. एररसुद्धा येत नाही. त्यामुळे आता बॅकअप /एम ने. तो तारीख बघतच नाही, फाइलचा अर्काइव्ह बिट, म्हणजे ‘फाइल बदललीय’ ही खूण, बघतो आणि कॉपी झाली की बिट उतरवतो. दोन ठिकाणी बॅकअप घ्यायचा असेल तर पहिला /ए ने (तो बिट तसाच ठेवतो) आणि शेवटचा /एम ने घ्या, नाहीतर दुसऱ्या ठिकाणी काहीच जाणार नाही.

शिवाय डॉस सुरू होताना आपोआप चालणाऱ्या एफडीऑटो डॉट बॅट या फाइलच्या शेवटी डेट आणि टाइम या दोन ओळी टाका. दर वेळी तारीख पडद्यावर येते, बरोबर असेल तर एंटर दाबायचं. 1981 च्या आयबीएम पीसीत सेलवर चालणारं घड्याळच नव्हतं, ते 1984 च्या एटीमध्ये आलं, म्हणून त्या काळचा डॉस सुरू होताच तारीख विचारायचा. ती पद्धत आजही शहाणपणाची आहे.

एक मत बदलावं लागलं. पहिल्या महिन्यात वाटलं होतं, फ्रीडॉस मशीन तापवतो, पंखा सतत घुमतो. चूक आमचीच होती. मेमरी वाचवायला एफडीऑटोमधल्या ‘नको त्या’ ओळी काढताना ‘एफडीएपीएम एपीएमडॉस’ ही ओळही काढली होती. डॉस कळ दाबण्याची वाट बघतानाही प्रोसेसरला पळवतच ठेवतो. या ओळीने त्याला मधल्या वेळात विसावा मिळतो. ओळ परत टाकली आणि हीटसिंकला बोट लावता येऊ लागलं.

बाकी सगळं समाधानाचं. बायोसचं आटोपलं की काही सेकंदांत सी प्रॉम्प्ट येतो. प्रॉम्प्टवर असताना सरळ बटण बंद करा किंवा वीज जाऊ दे, काही बिघडत नाही, कारण लिहायचं राहिलेलं काही नसतं. एलबीएकॅश हा डिस्कचं वाचन वेगवान करणारा प्रोग्राम लावला तरी तो फक्त वाचन साठवतो, लिखाण लगेच डिस्कवर जातं. फाइल सेव्ह होतानाच वीज गेली तर मात्र तपासणी करा, आणि फॅट32 असेल तर चेकडिस्क नको, डॉसएफएससीके वापरा. कार्बनच्या बिलांसाठी ठेवलेला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर एलपीटी1 या प्रिंटर पोर्टवर ड्रायव्हरशिवाय चालतो: कॉपी, फाइलचं नाव, पीआरएन, झालं. नव्या, फक्त यूईएफआय असलेल्या लॅपटॉपवर मात्र हे थेट चालणार नाही, जुना बायोस लागतोच. एप्रिल 2025 मध्ये फ्रीडॉसची 1.4 आवृत्ती आली आहे, पण चालू घडी मोडायची गरज वाटली नाही.

सलते ती एकच गोष्ट: मराठी. टेक्स्ट मोडला एका वेळी 256 अक्षरचित्रं मिळतात, फार तर 512, आणि तीही सगळी एकाच रुंदीच्या चौकटीतली. जोडाक्षरं आणि वर-खाली लागणाऱ्या मात्रा त्यात नीट बसत नाहीत. हे एकेकाळी सुटलं होतं, तेही पुण्यात. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्टचं, म्हणजे भारतीय लिप्या संगणकावर आणायच्या तंत्राचं, काम पुढे पुण्याच्या सी-डॅकने नेलं आणि जिस्ट कार्ड लावलेल्या पीसीवर डीबेससारखे नोंदी ठेवायचे साधे डॉसचे प्रोग्राम देवनागरी दाखवू लागले. इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेतप्रणालीने खालचे 128 कोड इंग्रजीला तसेच ठेवून देवनागरी वर बसवली होती, म्हणून प्रोग्रामला पत्ताही न लागता मराठी नोंदी साठायच्या. जुन्या कचेरीची अडगळ निघाली तर ते कार्ड भंगारात देऊ नका. या बोर्डावर तसली जुनी कार्डं लावायचा एक आयएसए स्लॉट अजून रिकामा आहे.