पियानो, घर की कुंपण: कृष्णवर्णीय रंगभूमीच्या हंगामातून पहिलं नाटक कोणतं पाहावं?

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये मराठी माणूस शोधावा लागत नाही. तिथून गाडीने थोड्याच अंतरावर, न्यू ब्रन्सविकला, क्रॉसरोड्स ही नाट्यसंस्था आहे. १९७८ साली सुरू झालेली, कृष्णवर्णीयांची नाटकं करणारी आणि १९९९ मध्ये उत्कृष्ट प्रादेशिक नाट्यसंस्थेचा टोनी हा अमेरिकी रंगभूमीवरचा मानाचा पुरस्कार मिळवलेली. ह्यूस्टनच्या एन्सेंबल थिएटरचं नाव तिथल्या रेल्वेच्या स्टेशनलाच दिलंय. सेंट पॉलला पेनम्ब्रा आहे, शिकागोला ब्लॅक एन्सेंबल. आपली माणसं या सगळ्या शहरांत राहतात, मराठी नाटकाचा दौरा आला की हौसेने जातात, आणि या नाट्यगृहांवरून मात्र गाडी पुढे नेतात. ‘जायचंय, पण सुरुवात कुठून करू?’ असं विचारणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

कुठल्या वर्षी कुठलं नाटक लागेल हे संस्थेवर अवलंबून. पण ‘वारसा’ या सूत्रावर हंगाम बांधला की काही नाटकं फिरून फिरून येतात. लोरेन हॅन्सबेरीचं ‘अ रेझिन इन द सन’, ऑगस्ट विल्सनची ‘द पियानो लेसन’, ‘फेन्सेस’ आणि ‘जेम ऑफ द ओशन’, आणि डिसेंबरात लँग्स्टन ह्यूजचं ‘ब्लॅक नेटिव्हिटी’. या पाचांतून निवडायचं असेल तर काय बघून निवडावं?

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण माझी निवड तिच्यावर ठरली आहे. वारसा म्हटलं की आपल्याला हार घातलेला फोटो आठवतो. या नाटकांत वारशावरून घरात भांडण होतं. बापाच्या विम्याचे पैसे कुणी आणि कशावर खर्चायचे, पणजोबांनी कोरलेली वस्तू विकायची का, बापाने सोसलं ते मुलानेही सोसायचं का, असे रोकडे प्रश्न. त्यामुळे तुमच्या घरात कुठलं भांडण चालू आहे, त्यावरून नाटक निवडा.

‘रेझिन’मध्ये भांडण दहा हजार डॉलरच्या चेकवरून आहे. शिकागोच्या साउथ साइडला खुराड्यासारख्या घरात यंगर कुटुंब राहतं. वडील गेले, विम्याची रक्कम आली. मुलगा वॉल्टर ड्रायव्हरची नोकरी करतो, त्याला दारूचं दुकान टाकायचंय. मुलगी बेनीथाला डॉक्टर व्हायचंय. आई त्यातले साडेतीन हजार भरून घर घेते, तेही गोऱ्यांच्या वस्तीत. मग त्या वस्तीच्या मंडळाचा माणूस येतो. आवाज चढवत नाही, अतिशय सभ्यपणे बोलतो आणि सांगतो की तुम्ही इथे येऊ नये म्हणून आम्ही तुम्हाला पैसे द्यायला तयार आहोत. आडनाव विचारून भाड्याचं घर नाकारणाऱ्या सोसायट्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या प्रसंगाचं भाषांतर लागणार नाही.

हे लेखिकेच्या घरातून आलेलं आहे. हॅन्सबेरीच्या वडिलांनी शिकागोत अशाच वस्तीत घर घेतलं आणि ते प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९४० साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. १९५९ मध्ये हे नाटक ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, आलं तेव्हा कृष्णवर्णीय स्त्रीने लिहिलेलं तिथलं ते पहिलं नाटक होतं, आणि लॉइड रिचर्ड्स तिथले पहिले कृष्णवर्णीय दिग्दर्शक. ५३० प्रयोग झाले. सहाच वर्षांनी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, हॅन्सबेरी गेली. ते वाचल्यापासून नाटकातलं आईचं खिडकीतलं ते अर्धमेलं रोपटं मला नुसती मंचावरची वस्तू वाटत नाही.

पाचांत सर्वांत सरळ बांधणी याची. गोष्ट पहिल्या पंधरा मिनिटांत हाती लागते, इंग्रजी फारसं अडत नाही, शाळकरी मुलांना नेता येतं. आयुष्यात पहिल्यांदाच असं नाटक पाहणार असाल आणि सोबत आई-बाबा भारतातून आलेले असतील, तर डोळे मिटून हेच.

आता ‘पियानो लेसन’. काळ १९३६, गाव पिट्सबर्ग. बर्नीसच्या बैठकीत एक पियानो आहे. गुलामगिरीच्या काळात सटर नावाच्या मालकाने बायकोला भेट म्हणून तो घेतला आणि किंमत म्हणून ‘दीड’ गुलाम दिला. दीड म्हणजे एक बाई आणि तिचा नऊ वर्षांचा मुलगा. मागे राहिला तिचा नवरा, तो सुतार. मालकिणीला गेलेल्या माणसांची आठवण येऊ लागली म्हणून त्याला पियानोवर त्यांचे चेहरे कोरायला सांगितलं. त्याने नुसते ते दोन चेहरे कोरले नाहीत, आई-वडील, लग्न, मुलाचा जन्म, सगळं घराणं कोरलं. पुढे बर्नीसच्या वडिलांनी हा पियानो सटरच्या घरातून पळवला आणि त्यापायी त्यांना जाळून मारण्यात आलं.

बर्नीसचा भाऊ बॉय विली मिसिसिपीहून ट्रकभर कलिंगडं घेऊन येतो. कलिंगडं विकायची, पियानो विकायचा आणि त्या पैशांतून सटरचीच जमीन घ्यायची, असा त्याचा बेत. ज्या मातीत आपल्या माणसांना राबवलं ती आपल्या नावावर करायची. बर्नीस म्हणते, पियानो हलणार नाही. पण ती स्वतः तो वाजवतही नाही, मुलीला त्याची कथाही सांगत नाही.

कोण बरोबर? मी हे नाटक आधी वाचलं तेव्हा बहिणीच्या बाजूने होतो. नंतर बॉय विलीचं म्हणणं मनातून जाईना. ‘कसेल त्याची जमीन’ ऐकत वाढलेल्या माणसाला त्याची जमिनीची भूक वेडेपणा कसा वाटेल? लाकडाच्या तुकड्यापेक्षा सातबाऱ्यावरचं नाव मोठं, हे आपल्या गावागावांत ठाऊक आहे. आणि तरी ते ‘लाकूड’ म्हणजे आज्या-पणज्यांचे चेहरे आहेत. विल्सन कुणालाही सोयीचा विजय देत नाही. शेवटी काय होतं ते सांगत नाही, फक्त एवढंच की घरात भूत आहे आणि ते भूत खरं मानूनच नाटक बघावं. या नाटकाला १९९०चं पुलित्झर, अमेरिकेतलं मानाचं पारितोषिक, मिळालं.

‘फेन्सेस’ त्याच लेखकाचं, त्याला पुलित्झर तीन वर्षं आधी, १९८७ मध्ये मिळालं. इथे १९५७ साल आहे. ट्रॉय मॅक्सन कचऱ्याच्या गाडीवर काम करतो. एके काळी तो निग्रो लीगमधला, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या स्पर्धेतला, जबरदस्त बेसबॉलपटू होता. मोठ्या लीगचं दार जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूसाठी १९४७ मध्ये उघडलं तेव्हा ट्रॉयचं वय उलटून गेलं होतं. आता मुलाला फुटबॉलवर कॉलेज मिळतंय आणि बाप आडवा येतो. या तिन्ही नाटकांतल्या भांडणांत हे सर्वांत खासगी आणि सर्वांत कडू. बायको रोझचा एक प्रसंग आहे, संसाराला अठरा वर्षं दिल्याचा हिशेब ती मांडते, तेव्हा प्रेक्षागृहात श्वासही ऐकू येतो. बाप-लेकाचं नातं आधीच ताणलेलं असेल तर दोघांनी शेजारी बसून हे पाहावं की नाही, याचा विचार करा. मी तरी वेगवेगळ्या दिवशी पाहा म्हणेन.

‘जेम ऑफ द ओशन’ मात्र पहिलं म्हणून घेऊ नका. त्यातली आंट एस्टर २८५ वर्षांची आहे आणि नाटक १९०४ मध्ये घडतं. वजाबाकी केली की १६१९ येतं, व्हर्जिनियात पहिले आफ्रिकी लोक आणले गेले ते वर्ष. तिच्या विक्रीच्या कागदाची होडी करून एका तरुणाला समुद्रतळाच्या हाडांच्या नगरीत नेलं जातं. अफाट आहे, पण विल्सनची दोन नाटकं पचवल्यावर.

‘ब्लॅक नेटिव्हिटी’ची तुलना या चौघांशी करण्यात अर्थ नाही. १९६१ पासून होत आलेला तो ख्रिस्तजन्माचा गाण्या-नाचाचा सोहळा आहे. लहान मुलं असतील, किंवा तीन तास संवाद ऐकण्याची तयारी नसेल, तर डिसेंबरात हे. कीर्तनात टाळकऱ्यांबरोबर मान डोलावली असेल तर गॉस्पेलच्या, म्हणजे कृष्णवर्णीय चर्चमधल्या भक्तिगीतांच्या, समूहगानात परकं वाटणार नाही.

मुलांचा विषय निघालाच आहे तर सांगतो, विल्सनच्या नाटकांत कृष्णवर्णीयांसाठीची ती जुनी शिवी पात्रं आपसांत सर्रास वापरतात. मुलांना नेण्याआधी घरी बोलून घ्या, नाहीतर गाडीत परतताना अवघड प्रश्न येतात. बोलीही दक्षिणेकडची आहे. आधी दहा पानं मोठ्याने वाचली की कान तयार होतो.

‘सिनेमे आहेतच की, घरीच पाहू’ असं म्हणणाऱ्यांना पूर्ण चूक म्हणणार नाही. पुण्या-नाशिकात बसलेल्याला तोच मार्ग आहे. सिडनी पॉइटियेचा १९६१चा ‘रेझिन’, डेन्झेल वॉशिंग्टन आणि व्हायोला डेव्हिसचा २०१६चा ‘फेन्सेस’, २०२४चा नेटफ्लिक्सवरचा ‘पियानो लेसन’. अभिनयात तिन्ही उत्तम. पण कृष्णवर्णीय संस्थेच्या प्रयोगात एक गोष्ट मिळते ती पडद्यावर नाही. प्रेक्षक बोलतात. एखाद्या पात्राचं वाक्य पटलं की मागून हुंकार येतो, कुणी ‘अगदी खरं’ म्हणतं, कुणी हसत हसत रडतं. कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांनी १९२६ मध्येच अशा रंगभूमीच्या चार अटी सांगितल्या होत्या: आमच्याविषयी, आमच्या हातून, आमच्यासाठी आणि आमच्या वस्तीजवळ. चौथी अट सिनेमा आणि ब्रॉडवे दोन्ही पाळू शकत नाहीत. विल्सन यांनी ‘फेन्सेस’च्या सिनेमासाठी कृष्णवर्णीय दिग्दर्शकच हवा असा हट्ट धरला होता तो याच पठडीतला. १९९६ मधल्या भाषणात त्यांनी आकडा मांडला होता: ६६ मोठ्या प्रादेशिक नाट्यसंस्थांत कृष्णवर्णीय म्हणावी अशी एकच. आपण काढलेल्या तिकिटाचा त्या आकड्याशी संबंध आहे.

आणि आपण तिथे अगदीच पाहुणे नाही. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकी लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये याच डू बॉइसना पत्र लिहिलं होतं. दलित पँथरमधलं ‘पँथर’ हे नाव तर आपण तिकडूनच आणलं.

तेव्हा घरच्यांना घेऊन पहिल्यांदाच जात असाल तर ‘रेझिन’. एकटे किंवा भावंडांबरोबर जात असाल, आणि वर्षातून एकच नाटक जमणार असेल, तर ‘पियानो लेसन’. बऱ्याच ठिकाणी काही प्रयोगांनंतर कलाकारांशी गप्पा असतात, तो दिवस धरा. आणि त्यासाठी दहा-वीस डॉलर जास्त पडले तरी पुढच्या रांगांतलं तिकीट काढा. पियानोवरचे चेहरे मागून दिसत नाहीत.